१८५७ चा प्रोजेक्ट, रात्री साडेदहा वाजता

(या भागात जे बोलले तेच इथे लिहून देतेय. अडखळणं आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज तेवढा काढून टाकलाय.)

लोकलमध्ये लटकत असाल, एसटीच्या खिडकीत बसला असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, कसेही असा, आज जरा माझ्याबरोबर शाळेत चला.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: "उद्या १८५७ चा प्रोजेक्ट द्यायचाय. मंगल पांडेचं चित्र आहे का कुणाकडे? दुकान बंद झालंय." पाच मिनिटांत तिघांकडून तेच चित्र येतं. बाबा प्रिंट काढतात, आई कडेने झिगझॅग कात्रीने कापते, मूल अर्ध्या झोपेत स्केचपेनने बॉर्डर मारतं. झाला प्रोजेक्ट.

हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हेच केलंय. मीही केलंय. आठवीत असताना मी झाशीच्या राणीवर आठ पानांचा प्रोजेक्ट केला होता. वीसपैकी अठरा मार्क मिळाले. त्यातलं आज मला काय आठवतं? फेव्हिकॉल जास्त झाल्यामुळे पानं एकमेकांना चिकटली होती, तेवढंच.

आता मी स्वतः आठवीला इतिहास शिकवते, आणि टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळतं की हे किती वाईट आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे बेचाळीस प्रोजेक्ट आले. सगळ्यांत तेच मंगल पांडे, तीच राणी, तेच बहादूरशाह. काहींमध्ये तर विकिपीडियाच्या प्रिंटवरच्या निळ्या लिंकासुद्धा तशाच होत्या. मी सह्या करत बसले होते. तेवढ्यात एक मुलगी दोन वह्या घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, राणी नक्की कधी गेली? हिच्या प्रोजेक्टमध्ये १७ जून आहे, माझ्यात १८ जून. कोणाचं चुकलंय?"

माझ्या तोंडावर आलं होतं, "१८ लिही, पुस्तकात तेच आहे." पण मी थांबले. कारण बेचाळीस प्रोजेक्टमध्ये तो एकच खरा प्रश्न होता, आणि तो मी आत्ता मारून टाकणार होते.

तिथून पुढे मी चार्ट पेपरचे प्रोजेक्ट बंद केले. त्याऐवजी जे करून पाहिलं, त्यातलं काय जमलं आणि काय पार फसलं, ते आज सांगते. तुम्ही शाळेत असाल, बी.एड. करत असाल, घरी धाकटा भाऊ किंवा भाची असेल, तर उपयोगी पडेल.

पहिला प्रोजेक्ट: दोन तारखा

त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात केली. दोघीदोघींच्या जोड्या केल्या आणि सांगितलं, की राणीच्या मृत्यूची तारीख मिळेल तिथून शोधा. पाठ्यपुस्तक, ग्रंथालयातलं पुस्तक, पुतळ्याखालचा फलक, मोबाइल, काहीही चालेल. पण प्रत्येक तारखेसमोर तीन गोष्टी लिहायच्या: हे कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, आणि लिहिणारा तिथे हजर होता का.

ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे ब्रिटिश फौजेशी लढाई झाली ती १७ जून १८५८ ला. बऱ्याच इंग्रजी वृत्तांतांमध्ये राणीचा मृत्यू त्याच दिवशीचा दिलाय. आपल्याकडे पुण्यतिथी पाळतात ती बहुधा १८ जूनला. मुलांनी दोन्ही तारखा लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर ती कोण सांगतंय ते लिहिलं. मी दोघींनाही पूर्ण मार्क दिले. एका पालकाचा फोन आला, "मॅडम, परीक्षेत कोणती लिहायची?" मी म्हटलं, परीक्षेत पुस्तकातली लिहू दे. पण पुस्तकही कोणीतरी लिहिलेलंच असतं, हे तिला आता माहीत आहे.

दुसरा प्रोजेक्ट: गोडसे भटजींचा रस्ता

हा माझा सगळ्यात आवडता. विष्णुभट गोडसे हे नाव किती जणांनी ऐकलंय? वरसई हे त्यांचं गाव, आजच्या रायगड जिल्ह्यात पेणजवळ. भिक्षुकी करणारा गरीब ब्राह्मण, घरावर कर्ज. १८५७ मध्ये त्यांच्या कानावर आलं की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल. म्हणून ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. लढायला नव्हे हं, चार पैसे मिळवायला. आणि नेमके त्या धामधुमीत सापडले. महूकडे असतानाच शिपायांच्या तोंडून काडतुसांची गोष्ट कानावर आली. पुढे ग्वाल्हेर, मग झाशी. १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोजच्या फौजेनं झाशीला वेढा घातला तेव्हा हे गृहस्थ शहराच्या आत होते. शहर पडलं, कत्तल झाली, लूट झाली, ते सगळं त्यांनी पाहिलं आणि लपून जीव वाचवला. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची पुन्हा राणीशी गाठ पडली, धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणीशी. शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते घरी परतले.

हे सगळं त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढलं. पण इंग्रज सरकारच्या धास्तीने ते लगेच छापलं गेलं नाही. चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केलं १९०७ मध्ये, गोडसे भटजी गेल्यानंतर. पुस्तकाचं नाव 'माझा प्रवास'. आजही ग्रंथालयात सहज मिळतं.

प्रोजेक्ट असा: वर्गाच्या मागच्या भिंतीवर भारताचा कोरा नकाशा आणि लोकरीचा एक धागा. प्रत्येक गटाला प्रवासातला एक टप्पा द्यायचा. त्या टप्प्यावर भटजींनी काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, हे दोन रंगांच्या चिठ्ठ्यांवर लिहायचं. हिरवी चिठ्ठी म्हणजे स्वतः पाहिलेलं, पिवळी म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेलं. झाशीभोवती हिरव्या चिठ्ठ्यांची गर्दी झाली. कानपूरच्या गोष्टींवर पिवळ्या जास्त. न शिकवता मुलांना कळलं की एकाच पुस्तकातली सगळी वाक्यं सारख्याच वजनाची नसतात.

मग एका मुलाने अडवलं. "बाई, पण हे त्यांनी पंचवीस वर्षांनी लिहिलं ना? एवढं आठवतं का कुणाला?"

म्हटलं, बघू या. प्रत्येकाने एक कागद घ्या. २०२० मध्ये आपण थाळ्या वाजवल्या होत्या, तो दिवस आठवून लिहा. कुठे होता, किती वाजले होते, शेजारी कोण होतं. मोबाइल बघायचा नाही, घरी विचारायचं नाही.

कागद गोळा केले आणि मोठ्याने वाचले. निम्म्या वर्गाने लिहिलं होतं की रात्रीची वेळ होती, सगळीकडे दिवे लावले होते आणि आम्ही थाळ्या वाजवत होतो. आता थाळ्या वाजवल्या त्या २२ मार्चला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. दिवे लावले ते ५ एप्रिलला, रात्री नऊला. दोन आठवड्यांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टी मुलांच्या डोक्यात एक झाल्या होत्या. पण "आजीने पितळेची परात वाजवून तिला पोचा आणला", "बाबा पहिल्यांदाच दिवसभर घरी होते म्हणून मला मजा वाटत होती", हे अगदी पक्कं आठवत होतं.

मग परत गोडसे भटजींकडे आलो. तारीख, आकडे, क्रम, इथे त्यांची चूक होऊ शकते. पण विहिरीपाशी पाणी मागणारी राणी? लपून बसल्यावर वाटलेली भीती? मुलं म्हणाली, ते नाही विसरत माणूस. मी फक्त मान हलवली.

तिसरा प्रोजेक्ट: बातमीचा धागा

हा अगदी सोपा आहे, एका तासात होतो. तारखा पाठ करायच्या नाहीत, त्या नकाशावर लावायच्या. मेरठ, १० मे १८५७. दिल्ली, ११ मे. लखनौ, ३० मे. कानपूर आणि झाशी, जूनचा पहिला आठवडा. इंदूर आणि महू, १ जुलै. कोल्हापूर, ३१ जुलै.

आता मुलांना एकच प्रश्न विचारा: मेरठहून दिल्लीला एक रात्र लागली, मग कोल्हापूरला अडीच महिने का?

बघा मग काय काय निघतं. कोणी म्हणतं अंतर. दुसरा म्हणतो, अंतर काय, तारायंत्र होतं की! बरोबर, होतं. दिल्लीच्या तार कर्मचाऱ्यांनी ११ मेलाच अंबाल्याला खबर दिली. पण तारायंत्र कोणाच्या हातात होतं? इंग्रजांच्या. शिपायांच्या हातात काय होतं? चिठ्ठ्या, प्रवासी, फकीर, बाजारातली कुजबुज. फॉरवर्ड केलं की क्षणात पोहोचतं अशा जगात वाढलेल्या मुलांना इथे पहिल्यांदा जाणवतं की बातमी ज्याच्या हातात, त्याचा हात वर. आणि पसरलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते, हेही. ते शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

चौथा प्रोजेक्ट: बहादूरशाहांचा खटला

ब्रिटिशांनी बहादूरशाह जफर यांच्यावर दिल्लीत खरोखरच खटला चालवला. लाल किल्ल्यात, २७ जानेवारी ते ९ मार्च १८५८. म्हातारा बादशहा, वय ऐंशीच्या पुढे. आरोप काय, तर ब्रिटिश सरकारचा प्रजाजन असून बंड केलं. त्यांना पुढे रंगूनला नेलं, तिथेच १८६२ मध्ये ते वारले.

वर्गात हा खटला पुन्हा चालवायचा. मुद्दा एकच: बादशहा कंपनीची प्रजा होता, की कंपनीच बादशहाची नोकर होती? कारण १७६५ मध्ये बंगालच्या महसुलाचा अधिकार, म्हणजे दिवाणी, कंपनीने मोगल बादशहाकडूनच घेतला होता. मग नोकर धन्यावर बंडाचा खटला कसा भरतो? आठवीची पोरं यावर जे भांडतात ना, वकील लाजतील.

पण इथेच माझं एकदा पार फसलं, तेही सांगते. पहिल्या वर्षी मी भूमिका मुलांना निवडू दिल्या. झालं! सगळ्यांना तात्या टोपे व्हायचं होतं. इंग्रज वकील व्हायला कोणी तयार नाही. शेवटी वर्गातल्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या मुलाला इंग्रज केला, आणि मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला खरोखर धोपटला. रडत माझ्याकडे आला. "बाई, मी नाही परत इंग्रज होणार." त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. नाटक म्हणजे आपोआप शिक्षण होत नाही. आता भूमिका चिठ्ठी टाकून ठरतात, आणि खटल्याच्या मध्यावर बाजू बदलतात. सकाळी बादशहाचा वकील असलेला दुपारी सरकारी वकील होतो. मग कोणी कोणाला मारत नाही.

पाचवा: जो मी टाळत होते

आता अवघड गोष्ट.

गोडसे भटजींच्या नकाशावर काम चालू होतं तेव्हा एका गटाने ह्यू रोजच्या फौजेची माहिती काढली. त्यात २४ वी आणि २५ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती. बॉम्बे म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याची फौज. तिच्यात उत्तरेकडचे शिपाई होते, तसे कोकणातले, देशावरचेही असत. एक मुलगा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाई, म्हणजे झाशीच्या तटाच्या दोन्ही बाजूंना मराठी बोलत होते?"

वर्ग शांत झाला. मी म्हटलं, हो, बोलत असणार.

"मग आपण कोणाच्या बाजूने?"

मागच्या बाकावरचा मुलगा उठला, त्याचे वडील फौजेत आहेत. तो म्हणाला, "शिपायाला हुकूम असतो." त्यावर एका मुलीने विचारलं, "मेरठच्या पंच्याऐंशी जणांनाही हुकूमच होता ना? त्यांनी काडतूस घ्यायला नकार दिलाच की." मग कोणीतरी पगाराचं काढलं, कोणी घरच्या पोटाचं, कोणी म्हणालं की तेव्हा 'आपण सगळे एका देशाचे' असं प्रत्येकाला वाटत होतं का, हेच आधी विचारायला हवं. तास संपला. मी निकाल दिला नाही. खरं सांगते, माझ्याकडे तो नव्हताच.

तसंच कानपूरचं. १५ जुलै १८५७ ला बीबीघरात सुमारे दोनशे इंग्रज बायका आणि मुलं मारली गेली. आणि बदला म्हणून इंग्रजांनी गावोगाव झाडांना माणसं लटकवली, झाशीत, दिल्लीत कत्तली केल्या. प्रोजेक्टमध्ये हे दोन्ही घ्यायचं की नाही? सुरुवातीला मी टाळायचे. वाटायचं, मुलं लहान आहेत, आणि उगाच कोणी तक्रार करायचं. मग लक्षात आलं की हीच मुलं मोबाइलवर याहून भयंकर आणि तेही अर्धवट पाहतात. वर्गात निदान विचारता तरी येतं. आता मी रक्तरंजित वर्णनं वाचायला देत नाही, पण जे झालं ते झालं म्हणून सांगते. आणि आपली बाजू न्यायाची होती असं म्हणायला आपल्या बाजूचं प्रत्येक कृत्य झाकावं लागत नाही, हेही सांगते.

याच तासाला शब्दांचा प्रश्न येतो. बंड, उठाव, की स्वातंत्र्ययुद्ध? सावरकरांनी १९०९ मध्ये आपल्या पुस्तकात त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं, आणि इंग्रज सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. पण गंमत बघा, झाशीत जीव मुठीत धरून बसलेल्या गोडसे भटजींचं पुस्तक जे छापलं गेलं, त्याच्या नावात 'बंड' हाच शब्द आहे. मुलांना सांगते, तुम्ही कोणता शब्द वापरता ते ठरवा आणि कारण चार ओळींत लिहा. कारण नसेल तर शब्दाला मार्क नाहीत.

शेवटचा: आपल्या जिल्ह्यातलं १८५७

हा तुम्ही, ऐकणाऱ्यांनीही करायचा आहे. मोबाइल आहेच हातात.

१८५७ म्हणजे फक्त उत्तर हिंदुस्थान, असं आपण धरून चालतो. साताऱ्यात गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ ला सतरा जणांना मृत्युदंड दिला. रंगो बापूजी, जे छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला कित्येक वर्षं लंडनमध्ये राहिले होते, ते त्या धरपकडीत निसटले आणि पुन्हा सापडले नाहीत. त्यांच्या मुलाला मात्र फाशी झाली. कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला, पुढे चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवलं. खानदेशात, सातपुड्याच्या घाटांत खाज्या नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी इंग्रजांना झुंजवलं. मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं, आज जिथे आझाद मैदान आहे त्या भागात. सीएसएमटीला उतरून रोज तिथून किती जण जात असाल!

प्रोजेक्ट काय, तर त्या जागी जायचं. आज तिथे काय आहे ते बघायचं. फलक असेल तर फोटो काढायचा, त्यावरचं नाव आणि तारीख उतरवून घ्यायची. आजूबाजूच्या तिघांना विचारायचं, "इथे काय झालं होतं, माहीत आहे का?" चहावाला, रिक्षावाला, बाकावर बसलेले आजोबा. आणि दोन मिनिटांचा ऑडिओ करायचा. तिघांपैकी कोणालाच माहीत नसेल, तर तेही ऑडिओत सांगायचं. तोही इतिहासच आहे.

मार्कांचं विचारतात सगळे, म्हणून सांगून टाकते. वीसपैकी मी पाच मार्क प्रश्नाला देते, पाच शोधायला, पाच 'हे मला कुठून कळलं' ते लिहायला, आणि पाच मांडणीला. चित्र, चमकी, झिगझॅग कात्री यांना शून्य. पहिल्या वर्षी आया नाराज झाल्या होत्या. आता रात्री साडेदहाचे मेसेज बंद झालेत. पूर्ण नाही, कमी झालेत.

आणि ती दोन वह्या घेऊन आलेली मुलगी? आता ती अकरावीत आहे, कॉमर्सला. मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, व्हॉट्सॲपवर काही आलं ना, की मी घरी विचारते, हे हिरवं की पिवळं? आई वैतागते." वैतागू दे.

तर मंडळी, तुमच्या गावातला, शहरातला १८५७ चा एक ठिकाणा शोधा आणि आम्हाला दोन मिनिटांचा ऑडिओ पाठवा. काय पाहिलं आणि काय ऐकलं, ते वेगवेगळं सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू. तोवर, धाकट्या भावाचा प्रोजेक्ट असेल तर त्याला मदत करा, पण पेन त्याच्याच हातात राहू द्या.

भेटू. काळजी घ्या.